चला, वीर बाबुराव शेडमाके यांच्या मुलखात



आजचा पाठ जरा वेगळ्या पद्धतीनं घेणार आहे. नेहमी आपण थोर व्यक्तींचं चरित्र वाचतो ते जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू अशा क्रमानं. चार तारखा पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरून जातो. वीर बाबुराव शेडमाके यांच्याबाबत असं करून चालत नाही. त्यांचं आयुष्य फक्त पंचवीस वर्षांचं. त्यातला ज्याला आपण कार्य म्हणतो तो भाग तर एका वर्षाचाच. पण त्या एका वर्षात ते ज्या जंगलातून, ज्या नद्यांमधून, ज्या टेकड्यांवरून फिरले ती जमीन डोळ्यांसमोर नसेल तर हाती काहीच लागत नाही. म्हणून आज आपण त्यांच्या मुलखात जाऊ. तुम्ही चंद्रपूर किंवा गडचिरोलीचे असाल तर खरोखर जा, सुट्टीत आईवडिलांना घेऊन जा. लांबचे असाल तर शेजारी नकाशा उघडून बसा.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. बाबुरावांच्या काळात चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे नव्हते. सगळा मिळून एकच चांदा जिल्हा. चांद्याचं नाव चंद्रपूर झालं १९६४ मध्ये, आणि गडचिरोली जिल्हा वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्यामुळे या पाठात आपण जिल्ह्याच्या सीमा सारख्या ओलांडणार आहोत. गोंधळून जाऊ नका.

निघायचं चंद्रपूरहून. शहराभोवतीचा गोंडराजांचा परकोट तुम्ही पाहिला असेलच. जटपुरा दरवाजा, अंचलेश्वर दरवाजा, पठाणपुरा दरवाजा ही नावं रोजच्या बोलण्यात असतात, पण हा कोट एका स्वतंत्र राज्याच्या राजधानीचा होता हे आपण विसरतो. ते राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. पुढे १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याच्या किल्ल्याला वेढा घातला, आणि किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. पण तेव्हाही राज्य नावाला भोसल्यांचंच राहिलं. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले, त्यांना मुलगा नव्हता, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीनं १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. त्याच वर्षाच्या १८ डिसेंबरला चांद्याचा कारभार आर. एस. एलिस या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती गेला. तेव्हा बाबुराव होते एकवीस वर्षांचे.

आता बस पकडू. बल्लारपूर, गोंडपिपरी करत गाडी आष्टीकडे जाते. आष्टीजवळ वैनगंगेवरचा मोठा पूल लागतो. खिडकीजवळची जागा मिळाली तर बघा, उन्हाळ्यात पात्रात वाळूच वाळू आणि मधून पाण्याची एक पट्टी, तर पावसाळ्यात समोरचा काठ दिसता दिसत नाही. हा फरक नीट ध्यानात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. इथून खाली चपराळ्याजवळ वर्धा येऊन वैनगंगेला मिळते आणि पुढच्या नदीला नाव पडतं प्राणहिता. ती दक्षिणेला वाहत जाऊन सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते.

पूल ओलांडला की हळूहळू गावांची नावं बदलायला लागतात. आलापल्ली, वांगेपल्ली, मोलमपल्ली. आपल्याकडे वाडी असते, तशी तेलुगूत पल्ली. म्हणजे नुसत्या पाट्या वाचल्या तरी कळतं की इथं मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया शेजारी शेजारी नांदतात. आलापल्लीच्या आसपासचा साग एकदा तरी बघावा. तिथला जुन्या नैसर्गिक जंगलाचा एक तुकडा न तोडता राखून ठेवलाय, त्याला वनवैभव म्हणतात, आणि २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथली सागाची झाडं बघताना मान दुखते इतकी उंच आहेत. बाबुरावांनी बघितलेलं जंगल कसं असेल याची थोडी कल्पना तिथं उभं राहिल्यावर येते. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू, चार आणि खाली बांबूची बेटं.

याच अहेरी भागातल्या मोलमपल्लीला १२ मार्च १८३३ रोजी बाबुरावांचा जन्म झाला. वडील पुल्लेसूरबापू शेडमाके, आई जुर्जाकुंवर. घराणं राजगोंडांचं, चोवीस गावांच्या जमीनदारीचं. आता जमीनदार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातला हवेलीवाला माणूस येईल. तो पुसून टाका. चांद्याच्या जंगलातले हे जमीनदार गोंडराजांच्या काळापासूनचे. राजाला ठरलेला सारा द्यायचा, वाटा आणि घाट राखायचे, वेळ पडली तर माणसं घेऊन लढायला जायचं, आणि बदल्यात आपल्या मुलखात आपणच न्यायनिवाडा करायचा, अशी ही व्यवस्था. भोसल्यांनीही ती फारशी मोडली नव्हती. इतक्या दाट जंगलात नागपुरात बसून कारभार करणं त्यांना जमणारही नव्हतं म्हणा.

बाबुरावांचं पहिलं शिक्षण झालं गोटुलात. गाणी, नाच, शिकार, तिरकमठा, जंगलातल्या खुणा आणि मोठ्यांशी वागायची रीत, सगळं गोटुलात शिकायचं. पण पुल्लेसूरबापूंनी पुढे मुलाला इंग्रजी शिकायला थेट रायपूरला पाठवलं. मोलमपल्ली ते रायपूर हे अंतर नकाशावर मोजून बघा आणि तेव्हा ना रेल्वे होती, ना पक्का रस्ता, हे लक्षात घ्या. वर्गात ही माहिती सांगितली की बहुतेक मुलांना आश्चर्य वाटतं, कारण चित्रातले बाबुराव आपण धनुष्यबाण आणि तलवार घेतलेलेच पाहतो. हातात इंग्रजी पुस्तक घेतलेले बाबुराव कुणी काढत नाही. माझ्या मते मात्र हे दुसरं चित्र पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. ज्यांच्याशी लढायचं त्यांची भाषा आणि त्यांचा कारभार या तरुणानं जवळून पाहिलेला होता.

रायपूरहून परतल्यावर अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचं लग्न झालं. बायको राजकुंवर, माहेर चेन्नूरचं. चेन्नूर आज तेलंगणात आहे, तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. अहेरीजवळ वांगेपल्लीच्या घाटावर उभं राहिलात की प्राणहितेच्या पलीकडचा तो मुलूख दिसतो. आज आपण त्याला दुसरं राज्य म्हणतो, पण तेव्हाच्या माणसांसाठी ती सोयरिकीची गावं होती. उन्हाळ्यात नदी उतरून जायची, पावसाळ्यात डोंगा.

मग बंड का केलं? पुस्तकात उत्तर असतं, देशप्रेमामुळे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. एलिस येऊन बसल्यावर नवा कारभार सुरू झाला. पिढ्यान् पिढ्या ज्या गोष्टी जमीनदार आणि गावचे लोक आपसात मिटवत होते, त्यांत आता साहेब आला, साहेबाचा कायदा आला, साहेबाचा पोलीस आला. कोणाकडून किती वसूल करायचं ते चांद्याच्या कचेरीत ठरू लागलं. गोंडांना जंगल म्हणजे घर, देव आणि पोट तिन्ही. त्या घरात कोणाला विचारून वावरायचं हा प्रश्न पहिल्यांदाच उभा राहिला. रायपूरला शिकलेल्या मुलाला हे दुखणं कुठवर जाणार ते इतरांपेक्षा लवकर दिसलं असावं, असं मला वाटतं.

१८५७ साल उजाडलं. मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी ही नावं तुम्हाला पाठ आहेत. पण आपल्या बाजूला काय चाललं होतं ते बघा. १८ सप्टेंबर १८५७ ला जबलपूरला गोंड राजा शंकर शाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथ शाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलं. त्यानंतर सहाच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, इकडे चांद्याच्या जंगलात बाबुरावांनी जंगोम सेना उभी केली. जंगोम म्हणजे जागृती. डिसेंबरच्या १० तारखेला, ज्या रायपुरात बाबुराव शिकले त्याच रायपुरात, सोनाखानचे जमीनदार नारायण सिंह यांना फाशी झाली. म्हणजे उत्तरेला आणि पूर्वेला आपल्यासारख्याच माणसांचं काय होतंय हे समोर होतं. तरीही हा माणूस मागे हटला नाही.

जंगोम सेनेत गोंड होते, माडिया होते, शिवाय रोहिलेही होते. पाचशेच्या आसपास तरुण जमले. शस्त्रं म्हणजे तिरकमठे, भाले, तलवारी, थोड्या बंदुका. त्यांना अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव यांची साथ मिळाली. घोट आज चामोर्शी तालुक्यात आहे. चामोर्शीला गेलात तर मार्कंड्याचं देऊळ बघितल्याशिवाय येऊ नका, वैनगंगा तिथं वळून उत्तरेकडे वाहते.

आता वैनगंगा पुन्हा ओलांडून मूलच्या बाजूला, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात यायचं. इथं राजगड आहे. रायगड नव्हे, राजगड, आणि पुण्याजवळचाही नव्हे. धानाच्या बांध्या, तळी आणि मधून मधून जंगलाचे पट्टे असा हा मुलूख. ७ मार्च १८५८ ला बाबुरावांनी राजगडचा परगणा ताब्यात घेतला, तिथला इंग्रजांच्या बाजूचा जमीनदार मारला गेला. ही बातमी चांद्याला पोचली तेव्हा तिथं कॅप्टन क्रिक्टन हा डेप्युटी कमिशनर होता. त्यानं फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव घोसरीजवळ गाठ पडली आणि इंग्रजांच्या फौजेला माघार घ्यावी लागली. आदल्याच दिवशी बाबुरावांनी पंचवीस वर्षं पूर्ण केली होती!

त्यानंतरची लढाई गढीसुर्ल्याच्या टेकडीवर झाली. टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून वर बघा. खालून बंदुका, वरून जंगोम सेनेचे लोक मोठमोठे दगड लोटतायत, असं वर्णन या भागात आजही सांगतात. टेकडी बघितली की त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. पुढे १९ एप्रिलला सगणापूर आणि २७ एप्रिलला बामणपेठ इथं चकमकी झाल्या.

इथं जरा थांबा आणि महिने बघा. मार्च, एप्रिल, मे. आपल्याकडे या दिवसांत जंगल कसं असतं? मार्चमध्ये पळस फुललेला असतो, पहाटे मोहाची फुलं पडतात. एप्रिलात सागाची पानं गळून खाली पाचोळ्याचा थर, पाऊल टाकलं की आवाज. नाले आटलेले, पाणी फक्त ठरावीक डोहांत आणि झऱ्यांत. नद्या मात्र कुठूनही उतरून जाव्यात अशा. मी गणित मांडतो, तुम्ही तपासा. ज्याला पाण्याच्या जागा माहीत, त्याचा उन्हाळा. कवायती फौजेला बैल, गाड्या, तंबू, दाणागोटा आणि रोज पाणी लागतं. जंगोम सेनेला लागत होता एक झरा आणि एक आडवाट. राजगड, नांदगाव, घोट, प्राणहितेचा काठ, इतकी ठिकाणं इतक्या कमी दिवसांत कशी गाठली याचं उत्तर मला त्या सुकलेल्या नद्यांमध्ये दिसतं. इतिहासाच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं, पण तुम्ही या मुलखात वाढला असाल तर तुम्हाला पटेल.

आता पाठातला सगळ्यात अवघड प्रसंग. त्यासाठी परत अहेरीकडे, प्राणहितेच्या काठच्या चिंचगुंडीला जायचं. तेव्हा इंग्रज देशभर तारायंत्राचं जाळं विणत होते. घोडेस्वाराला जी बातमी न्यायला दिवसच्या दिवस लागायचे, ती तारेवरून काही मिनिटांत जाई. १८५७ च्या लढ्यात इंग्रजांना ज्या गोष्टींनी तारलं त्यांत तार ही एक मोठी गोष्ट होती. चिंचगुंडीजवळ या तारखात्याच्या लोकांचा तळ होता. २९ एप्रिल १८५८ च्या रात्री बाबुराव आणि व्यंकटरावांच्या लोकांनी त्या तळावर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. तिसरा, पीटर नावाचा, अंधारात निसटला आणि क्रिक्टनपर्यंत पोचला.

वर्गात हा प्रसंग सांगितला की काही मुलं टाळ्या वाजवतात. मी वाजवू देत नाही. ते दोघं सैनिक नव्हते, तारा ओढायला आलेले नोकरदार होते, घरापासून हजारो मैल दूर. त्याच वेळी हेही खरं की त्यांची तार पुरी झाली असती तर तिच्यावरून पहिला निरोप कोणाच्या विरुद्ध गेला असता ते बाबुरावांना पक्कं ठाऊक होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवायला शिकणं अवघड आहे. मलाही अवघड जातं. पण एक परिणाम मात्र स्पष्ट आहे. या रात्रीनंतर इंग्रजांच्या लेखी हे जमीनदाराचं बंड राहिलं नाही, दोन इंग्रजांच्या खुनाचा मामला झाला. १० मे रोजी घोटजवळ पुन्हा लढाई झाली. बाबुराव हाती लागेनात. त्यांच्यावर हजार रुपयांचं बक्षीस लागलं. तेव्हाचे हजार रुपये, बरं का.

क्रिक्टन हुशार होता. जंगलात फौज पाठवून काही होत नाही हे दोन महिन्यांत त्याला कळून चुकलं. जंगल ज्याला माहीत आहे असाच माणूस हवा. म्हणून त्यानं अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांच्यामागे लकडा लावला. अहेरीची जमीनदारी चांदा जिल्ह्यातली सगळ्यात मोठी. मोलमपल्ली तिच्या शेजारचीच. लक्ष्मीबाईही गोंडच. (उत्तरपत्रिकेत दरवर्षी कोणीतरी हिला झाशीची राणी करून टाकतं. झाशीच्या लक्ष्मीबाई त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरला लढताना गेल्या. या लक्ष्मीबाई वेगळ्या.)

पावसाळा सुरू झाला. बाबुराव इंद्रावतीच्या पलीकडे, आज छत्तीसगडात असलेल्या भोपालपट्टणमकडे गेले होते. जुलैमध्ये तिथं लक्ष्मीबाईंच्या रोहिल्यांनी त्यांना पकडलं, पण ते निसटले. आता आष्टीच्या पुलावरून पाहिलेली वैनगंगा आठवा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी सगळ्या दुथडी. ज्या नद्या उन्हाळ्यात वाटा होत्या, त्याच आता भिंती झाल्या होत्या. डोंग्याशिवाय पलीकडे जाता येत नाही, आणि डोंगा कोणाचा, नावाडी कोणाचा, हे शेजारच्या जमीनदाराला माहीत असणारच. १८ सप्टेंबर १८५८ ला लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावांना पुन्हा पकडलं आणि इंग्रजांच्या हवाली केलं. जबलपूरच्या शंकर शाहांना जाऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं.

लक्ष्मीबाईंना याबद्दल काय मिळालं? व्यंकटरावांच्या जप्त झालेल्या अडपल्ली आणि घोटच्या जमीनदारीतली ६७ गावं. हा आकडा सांगितला की वर्गात एकदम गलका होतो. एकदा एका मुलीनं मला विचारलं, सर, त्यांनी नाही म्हटलं असतं तर? मी जरा वेळ गप्पच राहिलो. नाही म्हटलं असतं तर अहेरी जप्त झाली असती, हे नक्की. समोर व्यंकटरावांचं उदाहरण होतंच. आपली शेकडो गावं वाचवायची की शेजारच्या चोवीस गावांचा मुलगा, असा हिशेब त्या बाईंनी केला असेल का? मी त्यांची बाजू घेत नाही. फितुरी ती फितुरीच, आणि ६७ गावं घेतल्यावर तिला दुसरं नाव देता येत नाही. पण नुसतं दुष्ट बाई म्हणून पान उलटू नका. इंग्रजांची पलटण जे करू शकली नाही ते त्यांनी आपल्याच माणसाकडून करून घेतलं. ते कसं जमवलं, हा प्रश्न त्या बाईंच्या स्वभावापेक्षा मोठा आहे.

आता शेवटचा प्रवास. अहेरीहून परत चंद्रपूर, आपण बसनं आलो तोच मुलूख मागे टाकत. फरक एवढाच की बाबुरावांना कैदी म्हणून नेलं. चांद्याला खटला चालला आणि महिनाभरात उरकलाही. राजगडचं बंड, चिंचगुंडीचा हल्ला, दोन इंग्रजांचा मृत्यू. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगाच्या आवारातल्या पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आली. वय पंचवीस वर्षं सात महिने.

या फाशीबद्दल एक कथा आपल्या भागात घरोघरी सांगतात. बाबुरावांचं शरीर पोलादासारखं होतं, म्हणून दोर तीनदा तुटला आणि चौथ्यांदा फाशी लागली. ही लोककथा आहे, इतिहासाचा पुरावा नाही, एवढं समजून ऐका. पण मला ती टाकून द्यावीशी वाटत नाही. पंचवीस वर्षांचा आपला मुलगा इतक्या सहज गेला, हे ज्या लोकांना मान्य करता आलं नाही, त्यांनी निदान गोष्टीत तरी तीन वेळा दोर तोडला.

व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निसटले. दीड वर्ष ते सापडले नाहीत. शेवटी एप्रिल १८६० मध्ये बस्तरच्या राजानं त्यांना पकडून दिलं. त्यांना जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. त्यांचं नाव आपल्या पुस्तकात फार कमी येतं. का, ते मला कळत नाही. फाशी गेलेल्याचा पुतळा होतो, काळ्या पाण्यावर गेलेला माणूस विसरला जातो, असं काही असेल.

चंद्रपूरचं ते कारागृह आजही चालू कारागृह आहे. त्यामुळे मनात आलं म्हणून आत जाऊन पिंपळ बघता येत नाही. २१ ऑक्टोबरला, शहीद दिनी, मात्र तिथं अभिवादनासाठी दोन्ही जिल्ह्यांतून लोक येतात. जंगलातल्या गावांतून रात्रीच निघालेली म्हातारी माणसं, डोक्याला पिवळे फेटे बांधलेले तरुण, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. गोंडीत घोषणा चालू असतात. गोंडी येत नसेल तरी एकदा जाऊन उभे राहा. १२ मार्च २००९ ला भारतीय टपाल खात्यानं बाबुरावांचं तिकीट काढलं. तुमच्यापैकी कोणी तिकिटं जमवत असेल तर शोधा.

जायचं ठरवलंत तर काही सूचना. डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला, मार्चमध्ये गेलात तर पळस आणि मोह दोन्ही मिळतील. राजगड, गढीसुर्ला आणि मूल एका दिवसात होतं. आष्टी, आलापल्ली, अहेरी, चिंचगुंडीसाठी दुसरा दिवस ठेवा, चंद्रपूरहून अहेरी शंभरावर किलोमीटर आहे. पहाटेच्या एसटीनं निघा. आतल्या गावांना जाताना तिथल्या माहितगार माणसाला सोबत घ्या, अंधार पडायच्या आत मुक्कामी परत या, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. मोठमोठ्या स्मारकांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला फक्त एक टेकडी, एक नाला, एक घाट दिसेल. गावातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, पाणी मागा आणि बाबुरावांचं नाव काढा. बाकीचा पाठ ते घेतील.

उपक्रम : वहीच्या दोन पानांवर मिळून नकाशा काढा. आधी फक्त नद्या काढा, वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, गोदावरी. मग मोलमपल्ली, राजगड, नांदगाव घोसरी, गढीसुर्ला, घोट, चिंचगुंडी, भोपालपट्टणम आणि चांदा या जागा दाखवा, आणि जिथं तारीख माहीत आहे तिथं ती लिहा. उन्हाळ्यातल्या तारखा तांबड्या शाईनं, पावसाळ्यातल्या आणि नंतरच्या निळ्या शाईनं. नकाशा पुरा झाल्यावर घरी आजीआजोबांना दाखवा आणि यातली कोणती नदी त्यांनी पायी ओलांडलीय ते विचारून त्या जागी खूण करा.